युक्तिवादाला बळकटी देणारा पुरावा

स्पर्धा परीक्षांतील तर्कक्षमता चाचणीत 'पुढीलपैकी कोणत्या विधानामुळे वरील युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी मिळते?' असा प्रश्न हमखास येतो. येथे 'बळकटी मिळणे' आणि 'सिद्ध होणे' यांतील अंतर ध्यानात घ्यावे. निष्कर्ष पूर्वीपेक्षा अधिक संभवनीय करणारे विधान पुरेसे असते. शिवाय पर्यायातील विधान खरे आहे असे धरूनच चालायचे असते. ते तपासणे हे परीक्षार्थीचे काम नव्हे.

नित्य परिचयाचे उदाहरण घेऊ. ठाणे-दिवा टप्प्यात पूर्वी जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच रुळांवरून, १९१६ साली पूर्ण झालेल्या पारसिक बोगद्यातून जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली. समजा, त्या वेळी कोणी म्हणाले, 'लांब पल्ल्याच्या गाड्या आता वेगळ्या झाल्या; म्हणून डोंबिवली-कल्याणच्या जलद लोकलचा उशीर कमी होईल.' या बोलण्यात एक गृहीतक दडलेले आहे : उशिराचे कारण त्या गाड्याच होत्या. पुरावा नेमका याच सांध्यावर बसला पाहिजे.

आता काही काल्पनिक पर्याय पाहा. (अ) प्रवासी अनेक वर्षे या मार्गिकांची मागणी करीत होते. (आ) लांब पल्ल्याच्या गाड्या रखडल्या की त्या दिवशी लोकलही रखडत. (इ) लोकल सिग्नलला थांबण्याचे बहुतांश प्रसंग मेल-एक्स्प्रेसला वाट करून देण्यासाठीच येत.

दाराशी लोंबकळून प्रवास केलेला डोंबिवलीकर (अ) निवडण्याचा संभव फार. विधान मनाला भिडते. परंतु मागणीवरून गरज कळते, परिणाम कळत नाही. असे गुण गमावलेले अनेक अभ्यासू विद्यार्थी मी पाहिले आहेत. (आ) अधिक उपयोगी, तरी कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? मुसळधार पाऊस दोन्ही गाड्या रखडवतो. (इ) मात्र कारण आणि कार्य यांतील दुवाच दाखवतो. म्हणून उत्तर (इ). याउलट, उशीर मुख्यतः दिव्याच्या रेल्वे फाटकामुळे होत असे, हे विधान त्याच सांध्यावर घाव घालून युक्तिवाद दुर्बळ करील.

स्वयंअध्ययन प्रश्न : या मार्गिकांबरोबरच ३६ नव्या उपनगरी फेऱ्या सुरू झाल्या. या माहितीमुळे वरील युक्तिवाद सबळ होतो की दुर्बळ? त्यातील कोणत्या गृहीतकाला धक्का लागतो, ते चार ओळींत लिहा.