गाडीवरचा ‘ऑन’

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी स्कूटर घेतली, त्यांना ‘ऑन’ हा शब्द समजावून सांगायला नको. बजाजची स्कूटर नोंदवायची आणि नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याला थांबवत नसे, तो नंबर लागलेल्या माणसाला मूळ किमतीवर आणखी पैसे मोजून गाडी घ्यायचा. ते वरचे पैसे म्हणजे ऑन. परवाना राज संपलं, कारखाने वाढले आणि स्कूटरचा ऑन गेला.

पण मंडळी, मोटारींचा देश म्हणून ज्याच्याकडे आपण पाहतो, त्या अमेरिकेत हा ऑन आजही घेतला जातो. तोही चोरून नाही, तर कागदावर छापून, गाडीच्या काचेला चिकटवून. तिथे त्याचं नाव आहे ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, म्हणजे बाजाराप्रमाणे केलेली दुरुस्ती. ही दुरुस्ती बहुतेक वेळा वरच्याच दिशेने होते! आणि ती सर्वांत जास्त दिसते ती मोजक्याच संख्येने बनणाऱ्या वेगवान गाड्यांवर.

एक उदाहरण घेऊ. होंडाने २०१७ मध्ये ‘सिव्हिक टाइप आर’ ही गाडी पहिल्यांदा अमेरिकेत विकायला काढली. छापील किंमत सुमारे ३४ हजार डॉलर. कोट्यधीशांची नव्हे, तर पैसे साठवून हौस भागवणाऱ्या नोकरदाराची ही गाडी. तो शोरूममध्ये गेला, की छापील किमतीच्या शेजारी दुसरं स्टिकर दिसायचं आणि त्यावर दहा हजार, कधी त्याहूनही जास्त डॉलर वरचे लिहिलेले असायचे. घ्यायची तर घ्या, मागे रांग उभी आहे, असा सगळा कारभार.

आपल्याला प्रश्न पडतो, की हे कायदेशीर कसं? आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर एमआरपी असते आणि त्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी गुन्हा होतो. एमआरपीतला ‘एम’ म्हणजे कमाल, जास्तीत जास्त. अमेरिकेत गाडीच्या काचेवर असते ती एमएसआरपी. त्यातली पहिली दोन अक्षरं सांगतात, की ही किंमत उत्पादकाने ‘सुचवलेली’ आहे. सुचवलेली, ठरवून दिलेली नव्हे.

हे स्टिकर आलं १९५८ च्या एका कायद्याने. त्याआधी गाडीची खरी किंमत काय, हे ग्राहकाला कळतच नसे. डीलर तोंडाला येईल तो आकडा सांगत. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी हा कायदा पुढे आणला, म्हणून त्या स्टिकरला आजही मन्रोनी स्टिकर म्हणतात. ग्राहकाच्या हाती गाडी जाण्याआधी ते काढलं किंवा त्यातला मजकूर बदलला, तर दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. मात्र त्याच्या शेजारी दुसरं स्टिकर लावायला या कायद्याची आडकाठी नाही. कायद्याने किंमत उघड केली. तिला कुंपण घातलं नाही.

दुसरी गोष्ट डीलरची. डीलर हा कंपनीचा नोकर नसतो, तो स्वतंत्र व्यापारी असतो. कंपनीने गाडी त्याला विकली, की ती त्याच्या मालकीची. बहुतेक राज्यांत या डीलरांना संरक्षण देणारे कायदे आहेत. ज्या कंपनीचे डीलर आहेत, तिने त्यांना वगळून थेट ग्राहकाला नवी गाडी विकायची नाही, असा त्यांचा सर्वसाधारण रोख आहे. त्यामुळे ‘हा डीलर लुबाडतो, मी कारखान्यातूनच गाडी घेतो’ असं म्हणायची सोय नाही. त्यात मोजक्या गाड्यांमधली एखादीच डीलरच्या वाट्याला येते. साध्या गाड्यांवर घासाघीस होऊन त्याचा नफा कमी होतो. मग वर्षातून मिळालेल्या त्या एका गाडीवर तो हात मारतो.

मग कंपनीच आपली किंमत का वाढवत नाही? कारण अशी गाडी ही कंपनीची चालतीबोलती जाहिरात असते. एवढ्या पैशात एवढी ताकद, हे वाक्य साऱ्या मासिकांत छापून यावं, पोरांनी तिची चित्रं भिंतीवर लावावीत आणि मोठेपणी याच कंपनीची साधी गाडी घ्यावी, हा हिशोब. म्हणून छापील किंमत मुद्दाम आवाक्यात ठेवतात. पण लोक जे द्यायला तयार आहेत त्यापेक्षा किंमत कमी ठेवली, की मधला फरक नाहीसा होत नाही. तो फक्त कोणाच्या खिशात जायचा, एवढंच ठरायचं असतं.

हे फोर्डला चांगलंच कळलं होतं. २०१७ ची ‘फोर्ड जीटी’ सुमारे साडेचार लाख डॉलरची. कंपनीने अर्ज मागवले, स्वतः ग्राहक निवडले आणि दोन वर्षं गाडी विकणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. डीलरचा ऑन बंद झाला. पण आपल्या पोरांनाही कुस्तीमुळे ठाऊक असलेले जॉन सिना यांनी मिळालेली गाडी थोड्याच दिवसांत विकली. फोर्डने २०१७ च्या अखेरीस त्यांच्यावर दावा लावला. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि तडजोडीची रक्कम धर्मादाय कामाला गेली. डीलरचा हात बांधला, तर ऑन घेणारा ग्राहकच निघतो, हे त्यातून दिसलं. आपल्या स्कूटरच्या वेळीही ऑन नंबरवालाच घेत होता, नाही का?

डॉजची युक्ती जास्त व्यवहारी होती. त्यांची ‘चॅलेंजर डेमन’ ही २०१८ सालची गाडी ८४,९९५ डॉलरची. संख्या फक्त ३,३००; त्यातल्या तीन हजार अमेरिकेसाठी आणि तीनशे कॅनडासाठी. डॉजने सांगितलं, की जो डीलर छापील किमतीत किंवा कमी किमतीत गाडी विकेल, त्याच्या गाड्या कारखान्यात आधी बनतील. जास्त घेणाऱ्याचा नंबर शेवटी. बंदी नाही, भांडण नाही. फक्त रांगेतली जागा बदलली. २०२३ च्या ‘डेमन १७०’ या गाडीलाही डॉजने असाच नियम लावला.

२०२१-२२ मध्ये संगणकीय चिपांचा तुटवडा पडला आणि साध्या घरगुती गाड्यांवरही ऑन लागला. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी डीलरांना तंबी दिली, की वरचे पैसे घ्याल तर पुढच्या गाड्यांच्या वाटपात त्याचा विचार होईल. सरकारी पातळीवर फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये एक नियम केला. गाडीची पूर्ण रोख किंमत ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा, असं त्यात होतं, ऑनवर बंदी नव्हती. तोही जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केला.

म्हणजे राखण शेवटी ग्राहकालाच करावी लागते. तिथले जाणते ग्राहक काही गोष्टी कटाक्षाने पाळतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी एकूण किंमत लेखी घ्यायची. ऑनला दुसरं नाव दिलंय का ते पाहायचं; कारण कधी टायरमध्ये भरलेला नायट्रोजन, कधी रंगावरचा लेप, कधी काचेवर कोरलेला नंबर अशा किरकोळ गोष्टींचे शेकडो डॉलर लावलेले असतात. आपली जुनी गाडी देऊन नवी घेताना जुनीची किंमत पाडून तीच वसुली होत नाही ना, तेही तपासायचं. गरज पडली, तर दुसऱ्या राज्यातल्या डीलरला फोन करायचा. आणि शक्य असेल तर थांबायचं. पहिल्या वर्षाची झुंबड ओसरली, की वरचा आकडा बहुधा खाली येतो. मात्र ज्या गाड्या पुन्हा बनणारच नाहीत, त्यांच्याबाबतीत हा उपाय चालत नाही.

डीलर म्हणतो, माल माझा, गिऱ्हाईक राजी, मग तक्रार कसली? व्यापाराच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण ज्याने जाहिरातीतला आकडा खरा मानून चार वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले, त्याचं काय? त्याला गाडी महाग मिळाली, एवढंच त्याचं दुःख नसतं. आपण रांगेत उभे होतो आणि खरी खिडकी दुसरीकडेच होती, हे त्याला शोरूममध्ये कळतं. स्कूटरच्या नंबरासाठी थांबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे दुःख सांगावं लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)