सेल्फ-चेकआउट मशिन यावलच्या केळ्यांपाशीच का अडतं?

परदेशातल्या अनेक सुपरमार्केटमध्ये बिल करायला माणूस नसतो. ग्राहक स्वतःच वस्तू स्कॅन करतो, पैसे भरतो आणि निघतो. आता भारतातही काही दुकानांत अशी मशिन्स दिसतात. पण कोणती वस्तू आहे हे मशिनला कळतं कसं? आणि कुणी स्कॅन न करताच पिशवीत टाकली तर?

बारकोडमध्ये किंमत नसते

पुड्यावरच्या काळ्या रेघा म्हणजे बहुतेक वेळा १३ आकडी नंबर. सुरुवात ८९० ने असेल, तर तो भारतात नोंदवलेला. शेवटचा आकडा आधीच्या १२ आकड्यांवरून गणिताने काढतात. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर ताळा जुळत नाही. किंमत मात्र दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते. तिथे दर बदलायचा राहिला, तर रॅकवर एक आणि बिलात दुसराच दर दिसतो.

पिशवीखाली वजनकाटा

अनेक मशिन्समध्ये पिशवी ठेवायच्या जागेखाली काटा असतो. एक किलो साखर स्कॅन केली, तर काट्यावर तेवढंच वजन वाढायला हवं. जास्त वाढलं की मशिन थांबतं आणि कर्मचाऱ्याला बोलावतं.

केळ्यांचा घोळ

जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. २०२१ मध्ये यावलशेजारच्या रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला गेली. पण प्रत्येक फणीचं वजन वेगळं, त्यामुळे ठरलेल्या वजनाचा बारकोड आधीच लावता येत नाही. परदेशात ग्राहक फणी काट्यावर ठेवतो आणि कोड टाकतो. साध्या पिवळ्या केळ्यांचा आंतरराष्ट्रीय कोड आहे ४०११.

चोरीची पळवाट इथेच आहे. काट्यावर महागडं मांस ठेवायचं आणि ४०११ दाबायचं! वजन बरोबर जुळतं, बिल मात्र केळ्यांचं होतं. या लबाडीला तिकडे 'बनाना ट्रिक' असंच नाव पडलंय.

मग उपाय काय?

काही दुकानांत काट्यावर कॅमेरा असतो. समोर केळी आहेत की आणखी काही, हे सॉफ्टवेअर चित्रावरून ताडून पाहतं. कुठे बिल स्कॅन केल्याशिवाय बाहेरचं गेट उघडत नाही. आपल्याकडचा उपाय साधा आहे : भाजीच्या काट्यावर कर्मचारी वजन करून स्टिकर लावतो आणि दारावर बिल तपासतात.

एवढं करूनही माणूस लागतोच. २०२३ मध्ये ब्रिटनच्या 'बूथ्स' या सुपरमार्केट साखळीने बहुतेक दुकानांतली ही मशिन्स काढून टाकली. ती संथ आणि बेभरवशाची आहेत, अशी ग्राहकांची तक्रार होती.

लाल दिवा लागला तर?

घाबरू नका, तुम्ही चोर ठरत नाही. घरून आणलेल्या कापडी पिशवीच्या वजनानेही मशिन अडतं. कर्मचाऱ्याला बोलवा, समोर पुन्हा स्कॅन करून घ्या. आणि निघण्याआधी बिलातला प्रत्येक दर वाचा. मशिन तुमच्यावर नजर ठेवतं, तशी तुम्हीही त्याच्यावर ठेवा.