ताणावरचा बगीचा

लग्नानंतरचा पहिलाच मे महिना. नांदगाव पेठच्या आमच्या बगिच्यात संत्र्याची पानं कोमेजलेली पाहून माझा जीव कळवळला. सासूबाई लग्नाला परगावी. मी गुपचूप मोटार सुरू केली. सलग चार दिवस!

मृगात फुलं आलीच नाहीत. नुसती हिरवीगार पालवी.

"अवं माय, बगीचा ताणावर होता न!" सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. तेव्हा कळलं. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पानांनी उन्हात केलेलं अन्न फांद्यांत साठतं. पाऊस पडला, की तो साठा फुलांच्या कामी येतो. माझ्या पाण्यानं तो पालवीतच गेला.

फेब्रुवारीत तोडायला फळ नाही. नणंदेचं लग्न त्याच बहारावर ठरलेलं; ते वर्षभर लांबलं.

आता मे लागला, की मोटारीच्या खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते, मैत्रिणींनो!