शितावरून माणूस

पापणी लवते ना, तेवढ्या वेळात तुम्ही समोरच्या अनोळखी माणसाबद्दल मत बनवून मोकळे झालेले असता. खोटं वाटतं? २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे. कधी सेकंदभर, कधी अर्धा सेकंद, तर कधी फक्त एक दशांश सेकंद. मग विचारायचं, हा माणूस विश्वासू वाटतो का? कर्तबगार वाटतो का? भांडखोर? दशांश सेकंदात दिलेली उत्तरं आणि दुसऱ्या काही जणांनी फोटो निवांत न्याहाळून दिलेली उत्तरं बरीचशी जुळली! जास्त वेळ मिळाल्यावर वाढली ती मुख्यतः आपल्या मताबद्दलची खात्री.

ते मत बरोबर असतं का, हा प्रश्न वेगळाच. आपलं मन एक शीत चेपून बघतं आणि भात झाल्याचं जाहीर करतं. भाताला ही परीक्षा चालते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. पण माणसाचं वागणं एकाच पातेल्यात शिजतं का?

१९२०च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना, त्यांच्या नकळत, लबाडीच्या संधी दिल्या. कुठे उत्तरं बदलता येतील, कुठे खेळात चलाखी करता येईल, कुठे पैसे खिशात टाकता येतील. निकाल पाहून भल्याभल्यांची पंचाईत झाली. वर्गात कॉपी करणारं पोर खेळातही लबाडी करेल, असं छातीठोकपणे सांगताच येईना.

मुलांचं सोडा, मोठ्यांकडे या. आणि मोठे तरी कोण? प्रिन्स्टनमधल्याच धर्मशास्त्राच्या विद्यालयात धर्मोपदेशक व्हायला निघालेले तरुण. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचं होतं. निम्म्यांना विषय दिला होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोनी माणसाचा, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा; बाकीच्यांना नोकरीधंद्याचा. निघताना काहींना सांगितलं, ‘अजून थोडा वेळ आहे, पण निघालात तरी चालेल.’ काहींना सांगितलं, ‘तुम्हाला उशीर झालाय, लोक खोळंबलेत.’

वाटेत एक गल्ली. गल्लीत एका दारापाशी मान टाकून, डोळे मिटून बसलेला माणूस. विद्यार्थी जवळून जाताना तो दोनदा खोकतो, कण्हतो. माणूस अर्थातच प्रयोगवाल्यांनीच बसवलेला.

हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी काही ना काही मदत केली. फार घाईत असलेल्यांपैकी किती? १० टक्के! डोक्यात भाषण परोपकाराचं आहे की नोकरीधंद्याचं, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर परोपकारावर बोलायला जाताना त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

ही पोरं दगडाच्या काळजाची होती का? न थांबलेल्यांपैकी बरेच जण पलीकडे पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तुम्हा-आम्हाला ते कसं कळणार? आपल्याला दिसते ती पुढे निघून जाणारी पाठ. ‘उशीर झालाय’ हे वाक्य आपल्या कानावर पडलेलंच नसतं.

पण कोणी असं का वागलं, याच्या कारणांचा हिशोब सगळीकडे सारखाच मांडतात का? जोन मिलर यांनी १९८४ साली शिकागो आणि म्हैसूर इथली उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली. एक खरा प्रसंग असा. वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघालेला. मागचं चाक फुटतं, मागे बसलेला पडतो, डोकं आपटतं. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो, दुखापत किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच कोर्ट गाठतो. जखमी माणूस दगावतो. वकील असा का वागला? अमेरिकनांचा कल ‘बेजबाबदारच आहे’ म्हणण्याकडे. म्हैसूरकरांचा कल कोर्टातल्या कर्तव्याकडे, अपघाताने उडालेल्या गोंधळाकडे. गंमत म्हणजे आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे जवळपास सारखीच कारणं देत होती. वाढत्या वयाबरोबर तिकडे स्वभावाची कारणं वाढली, इकडे परिस्थितीची. (यावर लगेच कॉलर ताठ करायला नको. परिस्थितीचं कारण पुढे करून आपण कोणाकोणाला पाठीशी घालतो, ते आठवून पाहा.)

मग स्वभाव म्हणजे निव्वळ भास? मला सगळ्यात थक्क करणारा भाग इथेच आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या एका उन्हाळी शिबिरात सहा आठवडे मुलांच्या बारीकसारीक वागण्याची नोंद होत होती. युइची शोडा, वॉल्टर मिशेल आणि जॅक राइट यांनी १९९४ साली त्यातून काय दाखवलं? दोन मुलगे, दोघांच्या आक्रमकपणाची सरासरी सारखी. पण एक चिडतो तो मोठ्यांनी दटावल्यावर, दुसरा बरोबरीच्या पोरांनी डिवचल्यावर. आणि हा ‘असं झालं की तसं वागतो’ नमुना पुन्हा पुन्हा तसाच उमटतो! म्हणजे स्वभाव आहेच, फक्त तो ‘रागीट’ या एका शब्दात मावत नाही. रागीट खरा, पण कोणापुढे? कशाने?

एवढी बारीक नजर स्वतःकडे वळली तर? इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ साली नात्यातल्या प्रतारणेचा प्रसंग लोकांपुढे ठेवला. कोणाला सांगितलं, तुमच्या जोडीदाराने तुम्हाला फसवलंय अशी कल्पना करा. कोणाला सांगितलं, मित्राला त्याच्या जोडीदाराने फसवलंय. मित्रासाठी विचार करताना माणसं समोरच्याची बाजू बघत होती, आपल्याला सगळं ठाऊक नाही हे मान्य करत होती, तडजोडीची वाट शोधत होती. स्वतःवर येताच हा समंजसपणा आटला. आणि उपाय? स्वतःचीच अडचण ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून, परक्याच्या नजरेने पाहायला सांगितलं. तफावत गेली!

केस पांढरे झाले की ही खोड आपोआप जात असेल, असं वाटतं ना? त्यांनी तेही तपासलं. २० ते ४० वयाचे एकीकडे, ६० ते ८० वयाचे दुसरीकडे. दोघेही मित्राच्या बाबतीत शहाणे आणि स्वतःच्या बाबतीत तितकेच कच्चे निघाले.