गाणी आणि त्यांचे पडसाद (लेखांक ७) : गुलाबी गाऊन, मन्रोचा आणि मॅडोनाचा

‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ या १९५३ सालच्या चित्रपटात मेरिलिन मन्रोने सादर केलेले ‘डायमंड्स आर अ गर्ल्स बेस्ट फ्रेंड’ हे गाणे हॉलिवूडच्या संगीतपटांत सर्वाधिक अनुकरण झालेल्या गाण्यांपैकी एक आहे. त्याला मिळालेली सर्वांत गाजलेली मानवंदना म्हणजे मॅडोनाच्या ‘मटीरियल गर्ल’चा १९८५चा व्हिडिओ. या व्हिडिओत मूळ गाण्याचा एक शब्द नाही की चालीचा एक तुकडा नाही. मॅडोनाने घेतले ते केवळ दृश्य : गुलाबी गाऊन, लांब हातमोजे, लाल पार्श्वभूमी, जिना, झुंबरे आणि भोवती फेर धरणारे सूटबूटातले पुरुष. दोन्ही चित्रीकरणे लागोपाठ पाहिली की साम्य पहिल्या क्षणीच डोळ्यांत भरते. अर्थाच्या बाबतीत मात्र ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

मूळ गाणे मन्रोसाठी लिहिलेले नव्हते. अनिता लूस यांच्या १९२५च्या कादंबरीवरून १९४९ साली ब्रॉडवेवर संगीतिका आली; तिच्यासाठी ज्यूल स्टाइन यांनी चाल बांधली आणि लिओ रॉबिन यांनी शब्द लिहिले. रंगमंचावर ते कॅरल चॅनिंग गात असे. तिने नायिका लोरेलाय ली ठळक विनोदी ढंगाने रंगवली होती. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने चित्रपट हाती घेतला तेव्हा दिग्दर्शन हॉवर्ड हॉक्स यांच्याकडे आले आणि लोरेलायची भूमिका मन्रोकडे. तिच्या मैत्रिणीच्या, डोरोथीच्या भूमिकेत जेन रसेल होती. त्या वेळी रसेल मोठी तारका होती आणि तिच्या मानधनापुढे स्टुडिओच्या करारात बांधलेल्या मन्रोचा पगार अगदीच किरकोळ होता. पैशाचे मोल सांगणारे गाणे गाणाऱ्या नटीची ही आर्थिक स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे.

कथेत हे गाणे पॅरिसमधल्या रंगमंचावर येते. लोरेलायचा श्रीमंत वाग्दत्त वर गस एस्मंड याने संशयापोटी तिची पैशाची वाट बंद केली आहे; पोटासाठी दोघी मैत्रिणी कार्यक्रमात नाचू-गाऊ लागल्या आहेत आणि गस प्रेक्षकांत येऊन बसला आहे. म्हणजे पडद्यावर जे घडते तो नुसता करमणुकीचा तुकडा नाही. प्रियकराचे प्रेम बेभरवशाचे असते, तारुण्य ओसरते, हातात उरते ते ठोस काहीतरी हवे, हा गाण्याचा आशय समोर बसलेल्या एका माणसाला थेट ऐकवला जातो. पुढे लोरेलाय गसच्या वडिलांसमोर आपली बाजू मांडते तेव्हा तिचा हिशेबीपणा मूर्खपणातून आलेला नाही, हे उघड होते. गाण्यात त्याची तयारी आधीच झालेली असते.

या चित्रीकरणाचे खरे कर्ते नृत्यदिग्दर्शक जॅक कोल. संगीतप्रसंग हॉक्स यांनी जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावर सोपवले होते. कोल यांची जडणघडण भारतीय वाचकांना विशेष जवळची वाटेल. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी ला मेरी या नर्तिकेकडे भरतनाट्यम् शिकले आणि ते शिक्षण अमेरिकन जॅझच्या तालाशी जोडले. खांदा हलतो तेव्हा कंबर स्थिर राहते, मनगट वळते तेव्हा नजर त्याच्यामागे जाते, असे प्रत्येक अवयवाला स्वतंत्र काम देणारे त्यांचे नृत्य होते. मन्रो शिक्षण घेतलेली नर्तिका नव्हती. कोल आणि त्यांची सहायक ग्वेन व्हर्डन यांनी तिला मोठ्या उड्या-गिरक्या दिल्याच नाहीत. खांदे, मनगटे, पापण्या, हातातला पंखा यांवर सारा भर दिला. पुरुष हृदये पुढे करतात, ती नकार देत त्यांना पंख्याने फटकारते, आणि दर वेळी तिची हालचाल तालाच्या ठोक्यावर येऊन थांबते. काळ्या कपड्यांतल्या स्त्रिया झुंबराच्या सांगाड्यात दिव्यांबरोबर गुंतवून ठेवल्या आहेत. ही सजावट आज पाहताना अस्वस्थ करते. पुरुष नर्तकांच्या घोळक्यात पुढे ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी ऑस्कर मिळवणारा जॉर्ज चकिरिसही आहे.

गाऊनची हकीकत वेगळीच आहे. वेशभूषाकार विल्यम ट्रॅव्हिला यांनी या गाण्यासाठी आधी जाळीदार कापडावर रत्ने जडवलेला, अंग बरेच उघडे ठेवणारा पोशाख तयार केला होता. १९५२ साली मन्रोची जुनी नग्न छायाचित्रे एका कॅलेंडरवर असल्याचे उघडकीस आले आणि गदारोळ उठला. स्टुडिओने सावध पवित्रा घेतला, तो पोशाख रद्द झाला आणि त्या जागी आला पायांपर्यंत पोहोचणारा, पाठीमागे भला मोठा बो असलेला गुलाबी गाऊन. मादकतेचे प्रतीक म्हणून जगभर ओळखला जाणारा हा पोशाख प्रत्यक्षात झाकण्यासाठी शिवलेला होता. त्याचे कडक घाट मन्रोच्या शरीराला पुतळ्यासारखी एक निश्चित बाह्यरेषा देतात, आणि लाल पार्श्वभूमीवरची ती बाह्यरेषाच पुढच्या पिढ्यांनी उचलली.

पहिली नक्कल तर त्याच चित्रपटात आहे. मुकुटाच्या चोरीचा आळ लोरेलायवर येतो तेव्हा डोरोथी सोनेरी टोप घालून तिच्या जागी न्यायालयात उभी राहते आणि फरचा कोट बाजूला सारून भर कोर्टात तेच गाणे म्हणून दाखवते. रसेलने केलेले मन्रोचे अनुकरण अचूक आणि खुसखुशीत आहे. ‘सोनेरी केसांची भोळी बाई’ हे सोंग आहे आणि ते दुसऱ्या कोणालाही घालता येते, हे चित्रपटाने स्वतःच सांगून टाकले. मॅडोनाच्या मानवंदनेची वाट इथे मोकळी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

‘मटीरियल गर्ल’ पीटर ब्राउन आणि रॉबर्ट रॅन्स यांनी लिहिले. नाइल रॉजर्स यांची निर्मिती असलेल्या ‘लाइक अ व्हर्जिन’ या १९८४च्या अल्बममध्ये ते आले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. स्टाइन यांची चाल वाद्यवृंदावर संथ सुरू होऊन स्विंगच्या लयीत चढत जाते. रॉजर्स यांच्या ध्वनिमुद्रणात लय पहिल्यापासून एकसारखी आहे : सिंथेसायझरचा टणक ठेका, मॅडोनाचा मुद्दाम लहान मुलीसारखा केलेला आवाज आणि मागे यंत्रमानवासारखे एकाच सुरात शीर्षक उच्चारणारे पुरुष. मन्रोच्या आवाजातली ऊब इथे जाणीवपूर्वक काढून टाकली आहे. व्यवहाराचे बोलणे व्यवहाराच्याच कोरड्या स्वरात येते.

व्हिडिओची दिग्दर्शिका मेरी लॅम्बर्ट आणि नृत्यदिग्दर्शक केनी ऑर्टेगा. लॅम्बर्टने गाण्याभोवती एक छोटी गोष्ट रचली. चित्रपटसृष्टीतला एक धनाढ्य माणूस (भूमिका कीथ कॅरडाइन) एका नटीच्या गाण्याचे रशेस पाहतो आणि तिच्या प्रेमात पडतो. महागडी भेट घेऊन तो तिच्या मेकअपच्या खोलीशी येतो, तर ती फोनवर कोणाच्या तरी भारी नजराण्याबद्दल बेफिकिरीने बोलताना त्याच्या कानी पडते. तो भेट टाकून देतो, साधी डेझीची फुले आणतो आणि शेवटी पैसे मोजून मिळवलेल्या जुन्या पिकअप ट्रकमधून तिला फिरायला नेतो. गुलाबी गाऊनमधली, दागिन्यांवर भाळणारी स्त्री ही त्या नटीची केवळ भूमिका ठरते. गाऊन उतरवलेल्या बाईला पैशाचे आकर्षण नाही.

फरक इथे पूर्ण होतो. १९५३मध्ये गाण्यातली लोरेलाय आणि गाण्याबाहेरची लोरेलाय एकच होती. ती जे गात होती तेच मानत होती आणि चित्रपटाने तिला त्यासाठी शिक्षाही केली नाही. १९८५मध्ये गोष्ट गाण्याला खोटे ठरवते. वरवर पाहता मॅडोनाची आवृत्ती अधिक आधुनिक आहे, कारण प्रतिमा आणि व्यक्ती यांतली फट ती उघड दाखवते. पण तिचा शेवट जुन्या प्रेमकथेच्या जवळ जातो : चांगल्या बाईला पैसा नको असतो आणि नेमका श्रीमंत पुरुषच तिला मिळतो, तोही गरिबीचे सोंग विकत घेऊन. लोरेलायने हिशेब सर्वांसमोर मांडला होता; इथे तो पुरुषाच्या खिशात लपलेला राहतो. धाडसाच्या कसोटीवर मन्रोचे गाणे आजही पुढे आहे.

नृत्यातही तीच बाजू भारी भरते. कोल यांच्या मांडणीत कॅमेरा लांबलचक शॉट घेत संपूर्ण शरीर चौकटीत ठेवतो, त्यामुळे मनगटापासून पावलापर्यंतचा ताल डोळ्यांना मिळतो. व्हिडिओ गोष्ट आणि गाणे यांच्यात सतत ये-जा करतो, कट जलद पडतात, आणि ऑर्टेगाच्या रचनेत मॅडोनाला उचलणे, झेलणे, जिन्यावरून खाली आणणे यांवर भर आहे. तिथे सफाई आहे, बारकावा कमी आहे. मॅडोनाची ताकद वेगळ्या ठिकाणी दिसते. मन्रो पुरुषांना लाडाने झिडकारते. मॅडोनाच्या नजरेत लाड नाही, ती त्यांच्यावर हुकूम चालवते. स्टुडिओच्या पगारी नटीची प्रतिमा तीस वर्षांनी स्वतःच्या कारकिर्दीची सूत्रे हाती ठेवणाऱ्या गायिकेने वापरली, याचा परिणाम त्या नजरेत उतरला आहे.

व्हिडिओतली उलटी गोष्ट लोकांच्या लक्षात फारशी राहिली नाही. वृत्तपत्रांनी गाण्याचे शीर्षक मॅडोनाचे टोपणनाव करून टाकले आणि तिने त्याबद्दल पुढे उघड नाराजी व्यक्त केली. बाझ लुरमन यांच्या २००१च्या ‘मूलाँ रूज’मध्ये निकोल किडमन हिऱ्यांचे तेच गाणे गाते, तेव्हा त्यात ‘मटीरियल गर्ल’चा तुकडाही मिसळलेला आहे. मानवंदना मूळ गाण्याच्या आत जाऊन बसली, आणि पुढच्या कलावंतांपुढे दोन्ही गाणी एकत्रच आली.