शकुंतला गाडीचा जीर्णोद्धार

कापूस शेतांत कितीही उत्तम पिकला, तरी तो बाजारास पोहोंचविण्याचा खर्च भारी झाला म्हणजे काश्तकाराच्या हातीं थोडेंच उरतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्याच्या गरजेंतूनच मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. रुळांमधील अंतर अवघें ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक निक्सन ह्या व्यापारी पेढीनें १९१० सालीं स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची त्यावर मालकी होती. १९५१ सालीं रेल्वेची नवी घडी बसली, तेव्हांही ही मालकी खासगीच राहिली. लोकांनीं मात्र गाडीला ‘शकुंतला’ म्हटलें व तेंच नांव रूढ झालें.

ह्या मार्गावरील वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टर येथें बनलें. ज्या शहराच्या नांवाशीं कापडाच्या गिरण्या जोडलेल्या, तेथूनच आमच्या कापसाच्या मुलुखांत इंजिन आलें! त्यानें सुमारें सत्तर वर्षें सेवा केली आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. पुढें मालमोटारींनीं माल नेला, आणि आज त्या रुळांवर यवतमाळची गाडी धांवत नाहीं.

जुनें वाहन निरुपयोगी झालें म्हणजे तें मोडीत काढावें, हाच एक मार्ग आहे काय? इंग्लंडांतील एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. तेथील कालव्यांतून माल वाहणाऱ्या लांबट लांकडी नौका रेल्वे व मोटारींपुढें मागें पडल्या होत्या. एल. टी. सी. रोल्ट नांवाच्या यंत्रज्ञानें ‘क्रेसी’ नांवाची अशीच एक जुनी नौका १९३९ सालीं बॅनबरी येथील नौकाशाळेंत नीट करविली, तींत राहण्याजोगी खोली बांधिली आणि सपत्नीक कालव्यांतून प्रवास केला. त्या प्रवासावरील त्याचें पुस्तक १९४४ सालीं निघालें. १९४६ सालीं कालवे वांचविण्यासाठीं संस्था उभी राहिली. एका नौकेची दुरुस्ती अशी सार्वजनिक कार्याचें मूळ ठरली.

हाच रोल्ट पुढें वेल्समधील टॅलिलिन ह्या अरुंद लोहमार्गाकडे वळला. हा मार्ग १८६५ सालीं पाटीच्या दगडाच्या खाणीसाठीं उघडला होता. १९५० सालीं मालक वारला, तेव्हां हितचिंतकांनीं मंडळी स्थापून १९५१ च्या मे महिन्यांत गाडी स्वतः चालविली. ज्या मालासाठीं मार्ग झाला तो माल संपला, तरी मार्ग जिवंत राहिला.

आमच्या मतें येथें दोन प्रश्न वेगळे ठेविले पाहिजेत. सरकीच्या व रुईच्या वाहतुकीस रुंद मार्गच हवा. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गावर २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. मूर्तिजापूरच्या बाजूनेंही तसाच मार्ग व्हावा, ही मागणी रास्तच आहे. पण तेवढ्यावरून जुन्या मार्गाचें चिन्हही राहूं नये, असें होत नाहीं. कांहीं मैलांचा रूळ, एक इंजिन व दोन-तीन डबे राखतां येतील.

दुरुस्तीचा क्रमही ध्यानांत घ्यावा. बैलगाडीचा आंख व चाकें पाहिल्याशिवाय कोणी साटा रंगवीत नाहीं. तसेंच येथें आधीं पूल, स्लीपर व रूळ तपासावे. नंतर चाकें व बॉयलर. रंग व सजावट शेवटीं. पावसाळ्यापूर्वीं छप्पर घातलेली वस्तु टिकते. उघड्यावर ठेविलेली वस्तु एकेका पावसानें खर्च वाढविते. मालकीचा गुंता सुटेपर्यंत निदान हें छप्पर तरी पडावें. ज्या गाडीनें आमच्या आजोबांचा कापूस वाहिला, तिच्यासाठीं तालुक्या-तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं ठराव करून ते रेल्वे अधिकाऱ्यांकडे धाडावे, अशी आमची विनंती आहे.