शेटजींचा मनोरा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात जुन्या इमारतींचा विषय निघाला की मलिक अंबरापासून मोगल शाहजाद्यांपर्यंत राज्यकर्त्यांचीच नावे पुढे येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्याच्या हाती खजिना त्यानेच नहरी, मशिदी आणि मकबरे बांधावेत, असा दख्खनचा कित्येक शतकांचा शिरस्ता होता. शाहजादा आझमशहाने आपली माता दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभारलेल्या बीबी का मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये सात आणे झाला, असे सांगतात. परंतु मातेच्या नावाने ओळखली जाणारी महाराष्ट्रातली दुसरी थोर वास्तू, मुंबईचा राजाबाई मनोरा, कोणा शाहजाद्याच्या फर्मानाने नव्हे, तर कापसाच्या एका दलालाच्या देणगीतून उभी राहिली.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेस एका जैन व्यापाऱ्याच्या घरी झाला. मुंबईत एल्फिन्स्टन शाळेत शिक्षण झाल्यामुळे साहेबांच्या पेढ्यांशी इंग्रजीत स्वतः बोलणी करू शकणारा दलाल म्हणून त्यांचा लौकिक झपाट्याने वाढला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाडातील कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत इतका पैसा आला की तो कोठे गुंतवावा हेच कळेना. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदशेट होते.

त्याच भरात, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि थोड्याच दिवसांत, ग्रंथालयाला जोडून घड्याळाचा मनोरा बांधावा व त्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे, अशी इच्छा कळवून आणखी दोन लक्ष देऊ केले. राजाबाई अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या जैन व्रतासाठी त्यांना घंटेचा नाद उपयोगी पडावा, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सबंध शहराला वेळ सांगणाऱ्या वास्तूला एका गृहिणीचे नाव द्यावे, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते.

१८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, जुलैच्या आरंभी वायद्याचे व्यवहार तुटले आणि शेटजींची दौलत पाहता पाहता नाहीशी झाली. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बँक ऑफ बाँबेच्या कारभारावर त्यांचे मोठे वजन होते, अपुऱ्या तारणावर तेथून बेसुमार कर्जे दिली गेली, आणि ती बँक बुडाल्यावर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. कित्येक सामान्य कुटुंबांची पुंजी त्या काळात बुडाली. त्या कुटुंबांची हळहळ आणि शेटजींच्या दातृत्वाविषयीचा आदर, दोन्ही एकाच लेखणीने लिहावे लागतात.

देणगी मात्र विद्यापीठाच्या पदरी पडलेली होती. लंडनचे वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवता आराखडे धाडले, १८६९ च्या मार्चमध्ये पायाचा दगड बसला, आणि दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. स्कॉट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निवर्तले होते. व्हेनिशियन गॉथिक धर्तीच्या या इमारतीवर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या पुतळ्यांची मांडणी आहे, आणि ते कोरविणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे आपल्यापैकीच. परदेशी आराखड्यात देशी माणसे अशी दगडातून उभी राहिली, हा भाग मला घड्याळापेक्षाही प्रिय आहे. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मुंबईच्या वास्तुसमूहात या मनोऱ्याचाही समावेश आहे.

कलकत्ता विद्यापीठालाही शेटजींनी दोन लक्ष रुपये दिले होते, त्यातून निघालेली शिष्यवृत्ती पुढे जदुनाथ सरकारांना मिळाली, आणि मोगलांच्या व मराठ्यांच्या इतिहासावरील त्यांचे ग्रंथ आजही आमच्याकडील अभ्यासकांना टाळता येत नाहीत.

सर्वस्व गेल्यावरही प्रेमचंदशेटांनी दलालीचा धंदा सोडला नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या शेअर दलालांच्या मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९०६ साली ते वारले. भायखळ्याचा त्यांचा ‘प्रेमोद्यान’ बंगला पुढे एका कॉन्व्हेंटकडे गेला.